काका गप्प बसले ती मॅच

विलासकाका सामंतांचा आवाज सिंगापूरच्या टॅम्पिनीसमध्ये सार्वजनिक मालमत्तेत जमा होता. रविवारी संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभं राहून त्यांनी "अगं, मीनलला दे!" अशी आरोळी ठोकली की समोरच्या ब्लॉकमधली चिनी आजी बांबूवर वाळत घातलेले कपडे पटापट आत ओढायची. तिला वाटायचं, पाऊस आणि विजा येताहेत असा इशारा देणारा भोंगाच झाला. ही थाप नाही बरं का. आजीने स्वतः लिफ्टमध्ये विद्याकाकूंना हातवारे करून सांगितलं होतं.

एवढा आवाज माणूस आणतो कुठून? तर बोटीवरून. उभी हयात इंजिन रूममध्ये गेलेली. तिथे शेजारच्या माणसाला "चहा घेतोस का" विचारायचं तरी घसा फाडावा लागतो. पुढे सिंगापूरच्या एका जहाज कंपनीत काका ऑफिसात बसायला लागले, आणि पंचाईत झाली. ऑफिसात सगळे कुजबुजणारे! मग काकांनी काय करावं? बायकांचा खो-खो क्लब काढला. लोक हसले. सिंगापुरात खो-खो? पण बघता बघता पोरी जमल्या. जुरोंग आयलंडच्या कारखान्यात इंजिनिअर असलेली संजीवनी कंपनीच्या बसमधून उतरून थेट मैदानावर यायची, ती कॅप्टन. मीनल बँकेत सॉफ्टवेअरवाली आणि वाऱ्यासारखी पळणारी. आणि इथेच जन्मलेली कॉलेजकन्या ईशा, जिला मराठी सगळं कळायचं पण तोंडातून बाहेर पडायचं ते सिंगापुरी इंग्रजी, "ओके लाह, अंकल!"

क्लब झकास चालला होता. फक्त एक सल होता. दरवर्षी पुलापलीकडून मलेशियातल्या जोहोरचा संघ यायचा, एक मॅच व्हायची, आणि आपल्या पोरी हरायच्या. एकदा नाही, ओळीने तीनदा. जोहोरची कॅप्टन शांती म्हणजे तर पारा. हातात आली म्हणेपर्यंत निसटायची. काका दर वेळी जिवाचं रान करून ओरडायचे, आठवडाभर घसा बसायचा, आणि पराभव तो पराभवच.

दुसरा सल घरात होता, तो विद्याकाकूंचा. त्यांना रेवदंड्याला परत जायचं होतं. अर्धं आयुष्य त्यांनी या माणसाच्या बोटींची वाट बघण्यात घालवलं होतं, उरलेलं त्यांच्यामागे परदेशात. आता घरी बहिणी होत्या, बंद घर होतं, अंगणातली झाडं परक्याच्या भरवशावर होती. कंपनी दरवर्षी काकांना विचारायची, अजून वर्षभर थांबता का? आणि काका दरवर्षी हो म्हणून यायचे. काकूंनी तोंड उघडायच्या आत उत्तर तयार: "अगं, मी गेलो तर क्लब कोण बघणार?"

याही वर्षी कंपनीने विचारलं होतं. मॅच रविवारी होती, आणि सोमवारी हो की नाही ते सांगायचं होतं.

अशात ऋता आली.

ऋता पुण्याची, इथल्या एका संस्थेत संशोधन करणारी. सेवाभावी संस्था, खेळाचे संघ आणि कंपन्या, या तिन्हीकडे एकाच माणसावर सगळं कसं येऊन पडतं आणि तो माणूस गेला की मागे काय उरतं, हा तिचा विषय. नुसतं लिहून मोकळं व्हायचं नाही, जे सापडेल ते तिथेच करून बघायचं, असा तिचा खाक्या. तिने म्हाताऱ्यांना जेवण पोचवणारी एक संस्था निवडली होती, एक कुरिअर कंपनी, आणि काकांचा क्लब.

"म्हणजे मी प्रयोगातला उंदीर?" काकांनी विचारलं होतं.

"नाही काका, तुम्ही संघाचे प्रमुख."

"तेच ते!"

पण काकांना पोरगी आवडली होती. दोन महिने ती मैदानाच्या कोपऱ्यात फोनवर शूटिंग करत बसायची, मध्ये बोलायची नाही. मॅचच्या आधी तीन आठवडे ती लॅपटॉप घेऊन घरी आली. काकूंनी आलेपाकाच्या वड्या केल्या होत्या, त्या समोर ठेवल्या.

"मागच्या वर्षीची मॅच आहे," ऋता म्हणाली. "आवाज बंद करून दाखवते. तुम्ही फक्त शांतीकडे बघा."

काका पुढे सरकून बसले. पडद्यावर आपल्या पोरी मधल्या रांगेत बसलेल्या, संजीवनी पळतेय, पलीकडे शांती. संजीवनी मीनलच्या पाठीशी पोचायच्या आधीच शांती गर्रकन वळली आणि मीनलपासून लांब पळाली. मीनलला खो मिळेस्तोवर ती पार खांबाशी.

"बाई मनकवडी आहे की काय!" काका म्हणाले.

ऋताने आणखी एक तुकडा लावला. ईशाला खो मिळायच्या आधीच शांतीने ईशाची बाजू सोडली. तिसरा तुकडा, तीच गंमत. काका खुर्चीतून उठले.

"आता आवाजासकट बघा," ऋता म्हणाली आणि हळूच बटण दाबलं.

खोलीत गडगडाट झाला. "अगं, मीनलला दे!" आणि शांती वळली. "ईशा! ईशाला!" आणि शांती वळली. काकांचा आवाज आधी, शांतीचं वळणं मग, आणि आपल्या पोरीचा खो सगळ्यात शेवटी.

काका मटकन खाली बसले.

"च्यायला! तिला मराठी येतं?"

"मराठी कशाला यायला हवं, काका? नावं येतात."

"म्हणजे..." काकांनी पडद्याकडे बोट केलं. "म्हणजे तीन वर्षं मी जोहोरला कोचिंग केलं? फुकट? घरचा भेदी मीच?"

काकूंनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरेना. हसता हसता त्या तिथेच सोफ्यावर टेकल्या. ऋता बिचारी हसायचं की नाही या विचारात वडी चघळत राहिली.

"अजून एक आहे," ती जरा घाबरतच म्हणाली. "आपल्या पोरी खो देण्याआधी तुमच्याकडे बघतात. प्रत्येक वेळी. समोर शांती दिसत असली तरी. जेवणवाल्या संस्थेतही हेच दिसलं मला. समोर म्हातारी उपाशी बसलेली, डबा हातात, आणि मुलं संस्थेच्या बाईंना फोन लावतायत, देऊ का म्हणून."

काकांनी लॅपटॉपचं झाकण खाली लोटलं. हे पहिल्याहून जास्त झोंबलं होतं. नावं ओरडणं बंद करता येतं, पण पोरींच्या माना वळतात त्याचं काय करायचं?

काकूंचं हसू तोवर थांबलं होतं. त्या सरळ बसल्या.

"ऐका. या मॅचला तुम्ही तोंड उघडायचं नाही. अवाक्षर नाही. पोरी तुमच्याकडे न बघता खेळल्या, तर सोमवारी कंपनीला नाही सांगायचं आणि रेवदंड्याची तिकिटं काढायची."

"आणि नाही खेळल्या तर?"

"तर मी पुन्हा रेवदंड्याचं नाव काढणार नाही."

काकूंचा आवाज चढला नव्हता. तीस वर्षांत त्यांनी काही मागितलं असेल तर ते इतकंच होतं, हे काकांना तेव्हा कळलं. त्यांनी मान डोलावली.

त्या रविवारच्या सरावात फजितीचा कळस झाला. काका गप्प उभे राहिले. संजीवनी पळाली, रांगेमागे आली, थांबली आणि काकांकडे बघू लागली. काका आभाळाकडे बघू लागले. मीनलही बसल्या जागेवरून मान वळवून काकांकडे. पलीकडे पळणारी मुलगी शेवटी कंटाळून उभीच राहिली आणि म्हणाली, "कुणी मला बाद करणार आहे का, की मी घरी जाऊ?" सगळ्या हसल्या, आणि पुन्हा काकांकडेच बघू लागल्या.

"काका, तुमच्याशिवाय नाही हो जमणार," संजीवनी म्हणाली. तिचा चेहरा रडवेला झाला होता.

आणि खोटं कशाला बोला, काकांना बरं वाटलं. अगदी आत कुठेतरी गार वाटलं. घरी चालत जाताना काकू एवढंच म्हणाल्या, "खूश दिसताय." काकांना शरमल्यासारखं झालं. त्यांना श्रीनिवास आठवले, त्यांच्या पहिल्या मोठ्या बोटीवरचे जुने चीफ इंजिनिअर. बोटीचं इंजिन काकांच्या ताब्यात देऊन उतरायच्या आधी एका बंदरातून दुसऱ्या बंदरापर्यंत श्रीनिवास नुसते मागे उभे होते, दोन्ही हात खिशात. धोक्याची घंटा वाजली तरी हात बाहेर आले नाहीत. तेव्हा तरुण विलासला तो म्हातारा निष्ठुर वाटला होता.

पुढच्या सरावांत काका हात खिशात घालून उभे राहिले. खेळ सुधारला का? फारसा नाही. पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. सराव संपला की पोरी पूर्वी काकांभोवती गोळा व्हायच्या, आता खाण्याच्या गाड्यांच्या हॉकर सेंटरला पळायच्या, आणि "येतो हां काका" म्हणून त्यांना गाळून. एकदा काका मागून गेले तर सगळ्या एकदम गप्प. ईशाने तर हात झटकन पाठीमागे लपवला. त्या टेबलाशी ऋतासुद्धा बसली होती! काहीतरी शिजत होतं. काकांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

मॅचचा रविवार उजाडला. जोहोरची बस वूडलँड्सच्या पुलावर अडकली, सगळं लांबलं, आणि आभाळ भरून आलं. विजेचा भोंगा झाला असता तर मैदान रिकामं करावं लागलं असतं. विद्याकाकूंनी येताना आलेपाकाची एक जाडजूड वडी काकांच्या गालात कोंबली. "ही विरघळू द्यायची. चावायची नाही. जित्याची खोड आहे तुमची, मला भरवसा नाही."

जोहोरच्या मुली उतरल्या. शांती नेहमीसारखी काकांशी हात मिळवायला आली. "अंकल! टुडे यू नॉट शाउटिंग?"

काकांनी फुगलेल्या गालाकडे बोट दाखवलं. आणि काय सांगू, शांतीचा चेहरा पडला! काकांनी पाहिलं, कोपऱ्यातल्या ऋतानेही पाहिलं. दोघांनी एकमेकांकडे बघून डोळे मोठे केले.

आपल्या पोरींची पहिली पाठलागाची पाळी आली. सुरुवातीला पुन्हा तेच. संजीवनीची मान वळायला लागली, काका आभाळात, ती गोंधळली, शांती सुटली. काकांनी वडी दुसऱ्या गालात सारली. मग त्यांना काहीतरी वेगळं दिसलं.

रांगेत बसलेल्या ज्या पोरींची पाठ काकांकडे होती, त्यांचे हात पाठीमागे होते. एकेक हात कमरेवर, मूठ वळलेली. शांती ईशाच्या समोरून पळाली, आणि ईशाची मूठ फटकन उघडली. पाची बोटं पसरली. संजीवनी मागून आली, तिने काकांकडे नाही, त्या पंजाकडे पाहिलं. खो! ईशा उठली आणि एक गडी बाद.

काका जागच्या जागी उडाले. अरे! हे कुणी शिकवलं? ज्या पोरीला समोर पळणारी बाई दिसतेय ती मूठ उघडते, मागून येणारी देते, आणि समोरच्या बाईला पाठीमागचा हात कसा दिसणार? ना आवाज, ना नाव, शांती करणार काय! साधी गोष्ट, आणि इतक्या वर्षांत काकांच्या डोक्यात आली नव्हती. येणार कशी? ते स्वतः ओरडत होते ना.

त्यांनी ऋताकडे पाहिलं. तिने जोरजोरात मान हलवून ईशाकडे बोट दाखवलं. मी नाही, ती! हॉकर सेंटरातली कटकारस्थानं ही होती तर.

मग जी रंगत चढली, विचारूच नका. मुठी उघडत होत्या, मिटत होत्या, खो वर खो पडत होते. समोरच्या ब्लॉकचे कठडे माणसांनी भरले. चिनी आजीसुद्धा आली, आज भोंगा का नाही ते बघायला. जोहोरच्या मुलीही कच्च्या नव्हत्या. त्यांच्या पाळीत त्यांनी आपल्या पोरींना घामाघूम केलं. खांबावर सूर मारून त्यांनी दोघींना असं टिपलं की काकांनी विसरून टाळीच वाजवली. काकूंनी त्यांची बाही धरून ठेवली होती, ती सोडायला त्या तयार नव्हत्या.

शेवटची पाळी आली. पाठलाग आपला, आणि गुण बरोबरीत. मैदानात जोहोरची एकच गडी उरलेली, आणि ती कोण? शांतीच! तिला टिपलं तर जिंकलो, नाही तर बरोबरी. पंच घड्याळाकडे बघायला लागले होते. लांब कुठेतरी गडगडलं.

शांती रांगेतून नागमोडी पळत होती. एका बाजूने जायची, दोघींच्या मधून निघायची, पुन्हा उलटी. मूठ उघडेस्तोवर ती पुढे गेलेली असायची. संजीवनी पळून पळून लालबुंद झाली होती. काकांच्या गालातली वडी केव्हाच पातळ झाली होती, आल्याचा तिखट रस घशात उतरत होता, आणि त्याच्यावर चढून एक आवाज वर येत होता. त्यांनी हात खिशात खोल खुपसले. दात आवळले.

शांती पलीकडे गेली. मीनल आणि ईशा यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आली. मीनलच्या जवळ! मीनल, सगळ्यात वेगवान! काकांना स्वच्छ दिसलं. आता, आत्ता, हाच क्षण, हा गेला की संपलं...

"अगं, मीनलला दे!"

वडी तोंडातून उडून गवतात पडली. आवाज असा निघाला की वरच्या कठड्यावरच्या आजीने कपड्यांना हात घातला. काकूंनी डोळे मिटले. संपलं. काकांना स्वतःचं तोंड फोडून घ्यावंसं वाटलं. आता माना वळणार, सगळ्यांच्या, आणि रेवदंडा गेलं.

मान वळली. एकच. शांतीची.

तीन वर्षांची सवय ती. नाव कानावर पडलं आणि पाय आपोआप फिरले. ती मीनलपासून गर्रकन दूर झाली आणि थेट ईशाच्या पुढ्यात आली. ईशाच्या पाठीवरची मूठ उघडली. संजीवनीने मीनलला ओलांडलं, तिच्याकडे ढुंकूनही न बघता, आणि ईशाच्या पाठीवर थाप मारली. खो! ईशा उठली ती शांतीच्या खांद्याला हात लावूनच.

मग काय झालं ते काकांना नीट आठवत नाही. शिट्टी, आरडाओरडा, वरून कुणीतरी भांडं बडवत होतं. ईशा "वी वन लाह! वी वन!" करत गोल गोल पळत होती. शांती मैदानाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून काकांकडे बघत होती, आणि मग तीही हसत सुटली. "अंकल, यू चीट मी!"

ऋता धापा टाकत आली. फोन हातात. "काका! बोललात तुम्ही!"

"बोललो गं बाई, बोललो," काका रडकुंडीला आले होते. "सगळा प्रयोग घालवला तुझा. आणि हिचं..." ते काकूंकडे बघू शकले नाहीत.

"बघा तरी." ऋताने फोन पुढे केला. छोट्या पडद्यावर तो क्षण पुन्हा घडला. काकांची आरोळी आली. रांगेतल्या पोरींच्या माना समोर. संजीवनीची नजर पंजावर. मीनल, जिचं नाव घेतलं, तीसुद्धा समोर बघतेय. काकांनी पुन्हा लावायला सांगितलं, आणि परत एकदा. काकू मागून डोकावून बघत होत्या, काकांच्या खांद्यावर त्यांचा हात होता.

एवढ्यात संजीवनी आली, गवताने माखलेली, हसू ओसंडतंय. "काका! पाहिलंत ना? पाहिलंत?"

"पाहिलं. फक्कड!" काकांनी घसा खाकरला. "पण एक सांग. मी ओरडलो, तेव्हा तू मीनलला का नाही दिलंस?"

संजीवनी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने मीनलकडे पाहिलं, मीनलने खांदे उडवले.

"ओरडलात?" संजीवनी म्हणाली. "कधी?"

ती खरंच विचारत होती. काकांनी तिचा चेहरा नीट निरखून पाहिला. त्यात थट्टा नव्हती, भीड नव्हती. ज्या आवाजाने ब्लॉकचे कपडे आत जायचे, तो या पोरीला मैदानाच्या कडेवरून ऐकू आला नव्हता.

काका हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायचंही त्यांनी केलं नाही. तिकडे पोरी शांतीला खांद्यावर घ्यायच्या खटपटीत होत्या, आणि पुढच्या वर्षी जोहोरला जायचं की इथेच खेळायचं यावर संजीवनी आणि ईशा यांची आत्ताच जुंपली होती. काकांना कुणीच विचारलं नाही.

"विद्या," ते म्हणाले, "तिकिटं काढून टाक."